दुसरे वाचन

कपाट उघडेना, म्हणून जोयाने त्याला लाथ मारली.

“जोया!” मी ओरडलो. माझा आवाज ओरडायच्या कामाचा नाही. वाचनालयातल्या एकाही मुलाने मान वर केली नाही.

“मग काय करू, आजोबा? मी हात लावला की लाल होतंय. निहारने लावला की हिरवं.”

“मग निहारला सांग काढून द्यायला.”

“सांगितलं की. तो म्हणतोय, टेबलावरच्या दिव्याने तुला नाही म्हटलंय, मी का देऊ.” तिने निहारकडे असे पाहिले की तो पुस्तकात आणखी खाली सरकला.

जोया मुजावर चौथीत होती. समुद्राच्या तळाशी काय काय असते याचे एक जाडजूड पुस्तक तिला हवे होते. कपाटांना कुलपे नव्हती तेव्हा ते तिने अनेकदा घरी नेले होते. त्यातले किती तिने वाचले आणि किती नुसते चाळले, मला ठाऊक नाही. मी कधी विचारले नव्हते. मुलांना असे विचारावे की नाही, हेही मला कधी ठरवता आलेले नाही.

वीज गेल्यावर वापरण्यासाठी म्हणून एक चावी माझ्याकडे दिलेली होती. मी ती काढली, कपाट उघडले आणि पुस्तक तिच्या हातात ठेवले.

“वीज गेलीय का, उपळेकर?”

दारात मुख्याध्यापिका गायधनी बाई उभ्या होत्या. आम्हाला एकमेकांविषयी प्रेम नव्हते आणि ते लपवायचे कष्ट आम्ही दोघांनीही केव्हाच सोडून दिले होते.

“नाही,” मी म्हणालो.

“मग चावी कशी निघाली?” त्यांनी जोयाच्या हातातले पुस्तक अलगद काढून घेतले. “तुझ्यासाठी पहिल्या कपाटात छान छान पुस्तकं आहेत हं, बाळा.”

“ती बाळांचीच आहेत,” जोया म्हणाली आणि दप्तर उचलून निघून गेली.

“बघितलंत?” बाई म्हणाल्या. “हे तुमचं शिक्षण.”

मी शिक्षक नव्हतो. मिरजेतल्या एका छापखान्यात मी उभे आयुष्य मुद्रिते, म्हणजे प्रुफे, तपासत बसलो होतो. छापखाना बंद पडला तेव्हा आधीच्या मुख्याध्यापकांनी या प्राथमिक शाळेचे वाचनालय मला सांभाळायला दिले. पुस्तके द्यायची, परत घ्यायची, सुटलेली पाने चिकटवायची, खाकी कव्हरे घालायची आणि शेवटच्या तासाला गोष्ट वाचून दाखवायची, एवढे काम. ते मी बरे करतो की वाईट, याचा निकाल मला कोणी दिला नव्हता. गायधनी बाई आल्या आणि त्यांनी तो दिला.

दिवे आले ते यंदाची शाळा सुरू होता होता. दिसायला साधे, टेबलावर ठेवायचे, वाकड्या मानेचे. पुण्याहून आलेल्या कंपनीच्या मुलाने ते आम्हाला समजावून सांगितले, आणि चांगले सांगितले, हे मान्य केले पाहिजे.

आपल्याला वाटते, वाचताना नजर ओळीवरून पाण्यासारखी वाहत जाते. तसे नसते. नजर उड्या मारते. एखाद्या शब्दावर सेकंदाच्या चौथ्या हिश्शाइतकी थांबते, मग उडी मारून पुढे जाते. उडी चालू असताना डोळ्याला जवळजवळ काही दिसत नाही. वाचन होते ते थांब्यावर. शब्द अवघड असला की थांबा लांबतो. वाक्य डोक्यात शिरले नाही की नजर उलटी उडी मारून मागे येते. हे सगळे इतके झटपट होते की ज्याचे डोळे आहेत त्यालाही त्याचा पत्ता नसतो.

मुलाने आपले कार्ड लावून दिव्याखाली वाचायला बसायचे. दिव्याच्या मानेत एक बारीक कॅमेरा होता आणि आपल्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश. तो प्रकाश डोळ्यावरून परत फिरला की नजर कागदावर नेमकी कुठे आहे ते कॅमेऱ्याला कळे. लाखो वाचकांच्या नजरांच्या उड्या शिकून तयार झालेला प्रोग्राम मग मुलाचे एक पान वाचून होईपर्यंत सांगून मोकळा होई: याला किती समजले, कुठे अडले, कुठले पुस्तक झेपेल आणि कुठले झेपणार नाही. त्यानुसार कपाटांची कुलपे त्या मुलाच्या हाताला उघडत किंवा उघडत नसत.

“म्हणजे कुठलंही मूल न झेपणारं पुस्तक नेऊन नाउमेद होणार नाही,” तो मुलगा म्हणाला होता. बाई टाळ्या वाजवणाऱ्यांत पहिल्या होत्या.

दिवाळीपर्यंत मुले दिव्यासाठी वाचू लागली. सोपे पुस्तक घ्यायचे, नजर सरळ न्यायची, मागे म्हणून पाहायचे नाही. दुसरीतली एक मुलगी गमतीचे वाक्य आले की परत त्याच्यावर जाऊन पुन्हा हसत असे. तिने ते बंद केले. मागे गेले की दिव्याला वाटते समजले नाही, हे तिला कळले होते. “तू पहिलं कपाट, मी चौथं कपाट,” अशी भांडणे मधल्या सुट्टीत होऊ लागली. जोयाची नजर तर सारखी मागे जाई. “मला परत बघायला आवडतंय,” ती म्हणे. दिव्याला आवडण्याचे खाते नव्हते.

मी बाईंना हे सांगितले.

“दुसरीतल्या ईशानचा डावा डोळा मंद आहे, हे कोणी सांगितलं?” त्यांनी विचारले. “दिव्याने. त्याला चष्मा लागला, आता तो वाचतो. वर्षभर तो तुमच्यासमोर बसत होता. तुम्हाला दिसलं?”

मला दिसले नव्हते.

“तुमच्या त्या उघड्या कपाटांच्या काळात मुलं जाड पुस्तकं मिरवत घरी न्यायची आणि अक्षर ओळखता न येता पाचवीत जायची. तुम्हाला गोड वाटायचं. भोगत होती ती मुलं.”

त्या बोलल्या ते खोटे नव्हते, म्हणून ते जास्त झोंबले. तरी मी शाळा समितीकडे अर्ज केला: दिवे राहू द्या, पण कुलपे काढा. आयुष्यातला माझा हा पहिला तक्रार अर्ज. समितीचे अध्यक्ष बाबर फरशीचे व्यापारी होते, त्यांची दोन्ही मुले शाळेत होती आणि बाईंशी त्यांचे आधीपासूनच वाजत होते.

“लढायचं, सर,” ते म्हणाले. “सोडायचं न्हाई.”

बैठकीच्या आठवड्यातच गायधनी बाई मधल्या सुट्टीत वाचनालयात आल्या. त्यांच्या हातात टॅब होता आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याविषयीची नाराजी नव्हती. काळजी होती.

“तुमच्या टेबलावरच्या दिव्याशी कुठलं मूल बसतं?”

“का?”

“कार्ड न लावता कोणीतरी तिथे रोज वाचतंय. नोंद बिननावाची आहे. कंपनीतून फोन आला होता.” त्यांनी खुर्ची ओढली. “आपण तोच मजकूर दुसऱ्यांदा वाचतो तेव्हा नजर भरभर जाते, थांबे कमी होतात. कारण पहिलं वाचन डोक्यात असतं. या मुलाचे थांबे दुसऱ्यांदाही तितकेच. तेच पान आणि नजर मात्र पहिल्यांदाच आल्यासारखी. म्हणजे वाचलेलं आत राहतच नाही. लहान मुलात असं फार क्वचित दिसतं, मेंदूच्या डॉक्टरांना लगेच दाखवा, म्हणाले. कोण आहे सांगा, मी आजच त्याच्या घरी जाते.”

माझ्या टेबलावरचा जुना बल्ब काढून तिथेही दिवाच ठेवला होता. उजेड चांगला पडत असे. शेवटच्या तासाची गोष्ट मी त्याच उजेडात वाचत असे.

“त्या खुर्चीवर कोणी मूल बसत नाही,” मी म्हणालो.

“असं कसं? रोजची नोंद आहे. मग कोण...”

त्यांनी माझ्या खुर्चीकडे पाहिले, मग माझ्याकडे. बाहेर मुले पाण्याच्या टाकीपाशी भांडत होती. बाईंनी टॅब टेबलावर पालथा ठेवला.

“उपळेकर,” त्या एवढेच म्हणाल्या. त्यांनी मला टोमणा मारला असता तर बरे झाले असते.

मग त्या उठल्या आणि पुन्हा मुख्याध्यापिका झाल्या. “शनिवारी बैठक आहे. मला हे समितीपुढे ठेवावं लागेल. मुलं तुमच्या ताब्यात असतात.”

“ठेवा,” मी म्हणालो. “ठेवाच.”

घरी मी ही गोष्ट मुलीला हसत हसत सांगितली. सुनीती हसली नाही.

“बाबा, परवा तुम्ही मला एकच बातमी चहाच्या वेळी वाचून दाखवलीत आणि जेवताना पुन्हा.”

“महत्त्वाची होती.”

“भोपळी मिरचीच्या भावाची होती.”

“मग तेव्हाच का बोलली नाहीस?”

“तुम्ही असे अंगावर येता म्हणून!”

मी ताटावरून उठलो. खूप वेळ आतल्या खोलीत बसून राहिलो. आणि तिथे बसल्या बसल्या मला सुटका सापडली.

आमच्या धंद्यात दुसरे मुद्रित पहिल्यासारखेच वाचायचे असते. ज्याला पहिले वाचन आठवते तो चुका सोडतो, कारण मग डोळे पाहत नाहीत, आठवण पाहते. पानावर जे असायला हवे तेच त्याला दिसते, जे आहे ते दिसत नाही. वाचलेले विसरून पुन्हा कोऱ्या नजरेने वाचायला शिकण्यात माझी सारी उमेदवारी गेली होती. दिव्याने माझ्यात पकडला तो आजार नव्हता. तो माझा धंदा होता!

दुसऱ्या दिवशी मी बाबरांच्या दुकानात जाऊन हे सांगितले. ते फरशीवर थाप मारून उठले.

“अहो, मग झालं की, सर! दिवा तुमच्या बाबतीत चुकला, म्हणजे पोरांच्या बाबतीतबी चुकतोय. तुम्ही फक्त उभं राहायचं आणि हे एवढंच बोलायचं. बाईंनी आपल्याच पायावर धोंडा मारून घेतलाय. कुलपं निघाली म्हणून समजा.”

त्यांनी मला चहा पाजला. एवढ्या मोठ्या आवाजात माझी बाजू आजवर कोणी घेतली नव्हती. परत येताना मी चक्क ताठ चालत होतो. मुलांची मोकळी कपाटे आणि माझी खुर्ची, दोन्ही एकाच वाक्याने वाचणार होती. दिवा चुकला, एवढे ते वाक्य.

फक्त ते खरे असायला हवे होते.

शुक्रवारी शेवटच्या तासाला मी गोष्ट वाचली. कोळ्याच्या मुलीची आणि तिच्या फुटक्या होडीची. मुले शांत होती. फार शांत होती. तास सुटला तरी जोया मागे राहून पुस्तके रचू लागली. हे काम तिला कोणी दिलेले नव्हते.

“जोया, मी वाचतो ते नीट कळतं ना सगळ्यांना?”

“हो.”

“काही चुकतं का माझं?”

ती पाठमोरी होती. दोन पुस्तके तिने उलटी लावली, मग सुलटी केली.

“कधी कधी तेच पान परत वाचता.”

“कधी?”

“आजपण वाचलंत. होडी बुडते ते.”

“मग कोणी बोललं का नाही?”

“मीच सांगितलंय सगळ्यांना, बोलायचं नाही म्हणून. निहार हसायला लागला होता, त्याला चिमटा काढला.” ती वळली. “तुम्हाला बाईंनी काढलं तर कोण वाचणार? त्या पहिल्या कपाटातलंच वाचतील. ससा आला, ससा गेला.” मग जरा विचार करून म्हणाली, “आणि दुसऱ्यांदा तुम्ही जास्त चांगलं वाचता, आजोबा. जोर लावून.”

मुलांना गोष्ट वाचून दाखवताना कोणी मुद्रित तपासत नाही. होडी बुडाल्याचे मला एकदाच आठवत होते.

समितीची बैठक तिसरीच्या वर्गात होती. बुटक्या बाकांवर पालक गुडघे वर करून बसले होते. बाईंनी आधी दिव्यांचे फायदे सांगितले, ईशानच्या चष्म्याचे सांगितले आणि मग, माझ्याकडे न पाहता, माझ्या नोंदीविषयी सांगितले. वर्गात कुजबुज झाली. एका आईने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले, जणू मी तिच्या मुलाला काही केले होते.

बाबरांनी मला डोळ्याने खूण केली. “सर, आता तुम्ही बोला. मोकळेपणानं.”

मी उभा राहिलो.

“दिवा बरोबर आहे,” मी म्हणालो.

“सर,” बाबर दबक्या आवाजात म्हणाले, “ते छापखान्याचं सांगा की.”

“छापखान्याचं मी स्वतःला सांगून पाहिलं. पटलं होतं. पण काल मी मुलांना एकच पान दोनदा वाचून दाखवलं आणि मला ते कळलं नाही. दिव्याने माझ्याविषयी जे सांगितलं ते खरं आहे.”

बाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले. “म्हणजे अर्ज मागे घेताय?”

“नाही.”

“दिवा बरोबर आहे असं तुम्हीच म्हणताय.”

“बरोबर आहे असंच धरून बोलतोय. माझ्या घरी एक कपाट आहे. त्यातली पुस्तकं मला यापुढे हळूहळू झेपणार नाहीत. दिवा सांगेल आणि ते खरंच असेल. मग त्या कपाटाला कुलूप लावायला कोण येणार, बाई? तुम्ही?”

“शब्दांत पकडू नका. तुमचं वाचून झालंय. ही मुलं शिकताहेत.”

“म्हणून तर. मला निदान माहीत आहे माझ्या हातून काय जाणार आहे. त्यांना तेही माहीत नाही.”

“झेपत नाही तरी द्यायचं?”

“हो.”

“ती न वाचता परत आणतील.”

“आणू देत. पुन्हा नेतील.”

“याला वाचनालय सांभाळणं म्हणायचं?”

“मला माहीत नाही,” मी म्हणालो. “कधीच माहीत नव्हतं. पण समजलं किती ते मोजून पुस्तक द्यायचं असेल, तर आज माझ्या हातातली सगळी काढून घ्यावी लागतील. काढून घ्यायची का, तेवढं सांगा. जे माझ्याबाबत ठरवाल तेच मुलांबाबत ठरवा.”

मी बसलो. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, “आमच्या म्हाताऱ्याला पेपर कळत न्हाई, पण काढून घेतला तर घर डोक्यावर घेतो.” थोडे हसू उमटले.

हात वर झाले. मते बरोबरीत आली, तेव्हा बाबरांनी माझ्याकडे रागाने पाहत कुलपांच्या विरोधात हात वर केला. एवढी सोपी बाजी मी हातची घालवली, याचा त्यांना संताप आला होता. ठरले ते असे: दिवे शिक्षकांना माहिती देतील, कपाटे उघडी राहतील.

“आता दुसरा विषय,” बाई म्हणाल्या आणि हात पुढे केला. “चावी.”

मी दिली. या विषयावर मत घ्यायची कोणालाच गरज वाटली नाही. बाबर मोबाइलमध्ये पाहत होते.

पायऱ्यांवर बाईंनी मला गाठले.

“खोटं बोलला असतात तर मी हरले असते आणि तुमची खुर्ची राहिली असती.”

“हो.”

“मूर्खपणा आहे हा.” त्या दोन पायऱ्या उतरल्या, थांबल्या. “डॉक्टरांकडे जा. उगाच पुस्तकं वाचून स्वतःचं निदान करत बसू नका.”

सोमवारी सुनीतीने मला शाळेच्या फाटकापाशी सोडले. तिने डॉक्टरांची वेळ घेतली होती. माझ्या टेबलाशी तिसरीच्या बाई बसल्या होत्या. त्यांनी मला ओळख दाखवली, पण जागा दिली नाही. ते बरोबरच होते. मी मुलांच्या बाकावर, मुलांच्या दिव्याखाली बसलो. सगळी कपाटे उघडी होती आणि त्यांच्यापुढे नुसती धक्काबुक्की चालली होती.

जोया माझ्याकडे पाहत नव्हती.

“जोया.”

“मी कुणाला सांगितलं नव्हतं,” ती कपाटाकडे तोंड करून म्हणाली. “सगळ्या वर्गाला गप्प बसवलं होतं. तुम्हीच सांगितलंत. चोंबडे आहात तुम्ही.”

“आहे खरा.”

“आता तुम्ही आमचे कोणीच नाही.”

“नाही. आता मी नुसता वाचायला आलोय.”

ती निघून गेली. बराच वेळ मी उगाच बाकावरच्या रेघा पाहत बसलो. मग धप्पकन समोर एक पुस्तक आदळले. वाळवंटातल्या प्राण्यांचे, जाड, मी कधी न उघडलेले. जोया माझ्या शेजारी बसली, तीही पाठ अर्धी माझ्याकडे करून.

“वाचा.”

मी वाचू लागलो. शेजारच्या बाकावरचा निहार सरकून जवळ आला. दिवा माझ्या डोळ्यांत पाहत होता आणि त्याला जे दिसायचे ते दिसत असणार. मी त्याच्यापासून काही लपवायला गेलो नाही. वाळूखाली राहणारा एक सरडा होता, तो रात्री पायांनी दव पीत असे. पान संपले. मी मान वर करून मुलांकडे पाहिले, पुन्हा खाली पाहिले आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

शाईने माखलेला एक तळवा येऊन पानावर पडला आणि सगळ्या ओळी झाकून टाकल्या.

“हे झालं,” जोया म्हणाली. अजून रागातच होती. “पुढचं.”